उभ्या पिकात जनावर सोडू नका

ताई, नमस्कार.

वय ३६. चाकणजवळच्या एका कंपनीत डिझाइन इंजिनिअर आहे. काम मुख्यतः फिक्श्चर (मशीनवर काम चालू असताना भाग घट्ट धरून ठेवणारं साधन) डिझाइनचं, अनुभव १२ वर्षांचा. वार्षिक पगार कपातीआधी ९ लाख ४० हजार, हातात महिना ६८,००० येतात. मोशीत टू बीएचके घेतलाय. हाउसिंग फायनान्स कंपनीचं ३० लाखांचं कर्ज आहे, हप्ता २८,०००. गाडीचा हप्ता ८,५००. मुलगी दुसरीत आहे. गावी फलटणजवळ आई-वडील असतात, दोन एकर ऊस-ज्वारी आणि तीन गाई आहेत. त्यांना महिना ६,००० पाठवतो. २० तारीख उलटली की क्रेडिट कार्ड बाहेर निघतं. त्यावर ४२,००० तुंबलेत, मिनिमम भरत असतो. दीड लाखाची एफडी आहे, तिला हात लावायचा नाही असं ठरवलंय. मिसेस बी.एस्सी. बी.एड. आहे. मुलगी झाल्यावर तिने नोकरी सोडली, आता थोडेफार केक करते.

महिन्याला १५-२० हजार जास्तीचे हवेत. डोक्यात पाच गोष्टी आहेत. (१) ऑप्शन ट्रेडिंग, ऑफिसमधला एकजण करतो आणि स्क्रीनशॉट दाखवतो. (२) मेव्हण्याने एका 'बिझनेस प्लॅन'च्या मीटिंगला बोलावलंय, रविवारी, हॉटेलात. (३) डिझाइनवर मराठी यूट्यूब चॅनल. (४) शनिवार-रविवार गाडी टॅक्सीला लावणं. (५) भोसरीत मित्राचं वर्कशॉप आहे, तो ड्रॉइंगं करून मागतोय, एका ड्रॉइंगला ३५० रुपये म्हणतो. यातलं काय करू? कंपनीला कळेल का? बिल मिसेसच्या नावाने केलं तर चालेल? आणि टॅक्सचं काय?

– एक वाचक, मोशी

•

नमस्कार.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली ओळ म्हणजे वडिलांच्या तीन गाई. तुम्ही ती ओघात लिहून पुढे गेलात, पण उत्तर तिथेच बांधलेलं आहे.

'साइड इन्कम' हा शब्द आपल्याकडे अलीकडे आला. शेतकऱ्याकडे त्यासाठी 'जोडधंदा' हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि तो फार नेमका आहे. तुमचे वडील गाईंना काय घालतात? ज्वारीचा कडबा घालतात आणि तोडणी चालू असली की उसाचं वाढं. दोन्ही मुख्य पिकाची उरलेली वस्तू. गाई दूध देतात, त्यावर घरखर्च निघतो, आणि शेणखत परत त्याच दोन एकरांत जातं. म्हणजे जोडधंदा मुख्य धंद्याच्या उरल्यासुरल्यावर जगतो आणि मुख्य धंद्याला काहीतरी परत देतो. वडिलांनी गाई वाढवल्या आणि त्यांच्यासाठी उभा ऊस कापून घालायला लागले, तर गावात लोक काय म्हणतील ते तुम्हाला माहीत आहे.

तुमचा ऊस म्हणजे ६८,००० चा पगार, तो मिळवणारं डोकं आणि रात्रीची झोप. कडबा म्हणजे १२ वर्षांत साठलेलं फिक्श्चरचं ज्ञान, जे कंपनीच्या कामात सगळं वापरलं जात नाही. मी तुमचे पाचही पर्याय याच तराजूत घातले.

पण त्याआधी एक कबुली. मी ३१ वर्षं एका बँकेत होते, आणि १९९४ साली मीही जोडधंदा काढला होता. साड्यांचा. त्या काळी कचेरीतल्या दर दोन बायकांमागे एक साड्या नाहीतर ड्रेस मटेरियल विकायची, जेवणाच्या सुट्टीत गठ्ठे सुटायचे. (नोकरीच्या नियमांत हे बसत नव्हतं. सगळ्याच करायच्या म्हणून मीही केलं. हे कारण म्हणून सांगत नाही, झालं ते सांगतेय.) २२ साड्या आणल्या. ११ विकल्या, त्याही तीन हप्त्यांत. पहिला हप्ता सगळ्यांनी हसत दिला. दुसऱ्याला मी त्यांच्या टेबलाजवळून गेले की त्या खाली बघायला लागल्या. तिसऱ्यासाठी मीच जिन्यातून जायला लागले, लिफ्टमध्ये गाठ पडायला नको म्हणून. उरलेल्या ११ साड्या आमच्या घराण्यात सहा वर्षं आहेर म्हणून पुरल्या. एका वहिनींकडे तर एकाच रंगाच्या दोन गेल्या. मला कापडातलं काही कळत नव्हतं, उधारी वसूल करण्याइतकी जीभ धारदार नव्हती, आणि गुंतवलेले पैसे पगारातले होते. उभ्या पिकात जनावर सोडलं होतं मी.

पुढे तीन-चार वर्षांनी बँकेची लेखी परवानगी घेऊन आमच्याच सोसायटीचे हिशोब मानधनावर लिहायला लागले. पाहता पाहता शेजारच्या दोन सोसायट्या आल्या. खतावणी मला झोपेतही जमत होती, भांडवल शून्य होतं, आणि तिथे शिकलेलं मी बँकेत गृहनिर्माण संस्थांची खाती तपासताना वापरलं. म्हणून आता मी ठामपणे बोलते.

तुमच्या यादीतले चार पर्याय पटापट बाजूला काढू.

ऑप्शन ट्रेडिंग. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. दलाली आणि इतर खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख. तुमची एफडी दीड लाखाची आहे. तुमचा सहकारी स्क्रीनशॉट दाखवतो त्या दिवसांचे मोजा, आणि जे दिवस तो गप्प असतो तेही मोजा.

रविवारची मीटिंग. मेव्हण्याला एकच विचारा: उद्यापासून एकही नवा माणूस जोडला गेला नाही, तर मला पैसे कशातून मिळतील? उत्तरात खरी वस्तू आणि ती स्वतःहून विकत घेणारं खरं गिऱ्हाईक आलं, तर पुढे ऐका. 'तू आधी ये तर' असं आलं, तर रविवारी मुलीला घेऊन बागेत जा. माणसं जोडण्यावर पैसे देणाऱ्या योजनांना आपल्याकडे १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि २०२१ च्या थेट विक्री नियमांतही पिरॅमिड योजना स्पष्ट शब्दांत मना केल्या आहेत. सासरचा मामला आहे, नाजूक आहे, कळतं मला. माझ्यावर ढकला. म्हणावं, एका खडूस बाईने नको सांगितलंय.

याच जातीचं आणखी एक, जे तुमच्या यादीत नाही पण कधीही मोबाइलवर येईल: 'घरबसल्या व्हिडिओ लाइक करा, रोज दोन हजार मिळवा.' आधी दीड-दोनशे रुपये खरंच देतात, मग 'प्रीमियम टास्क'साठी तुमच्याकडून भरून घेतात. चुकून कुणी अडकलंच, तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायचा. उशीर झाला की पैसा पुढच्या पाच खात्यांत पांगलेला असतो.

गाडी टॅक्सीला. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने चालवता येत नाही. परवाना आणि पिवळी पाटी लागते. तशीच चालवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करेल. शिवाय आठवडाभर नाशिक रस्त्यावरच्या कोंडीत बसून वर शनिवार-रविवारही स्टेअरिंग? यात तुमच्या कडब्याची एक काडीही वापरली जात नाही.

यूट्यूब. करा, हौस म्हणून करा. जाहिरातींचे पैसे सुरू व्हायलाच १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणं लागतं. मराठीत फिक्श्चर डिझाइन ऐकणारा वर्ग छोटा आहे, पण पक्का आहे. त्यातून काम येईल, ओळख होईल. पुढच्या मार्चपर्यंत घरखर्चाला त्याचा उपयोग नाही, इतकंच.

राहिला भोसरीचा मित्र. तिथे जाण्याआधी मला जरा तुमच्या खात्यात डोकावू द्या. खोड आहे, निवृत्त झाले तरी जात नाही.

तुमच्या कार्डावर ४२,००० तुंबलेत. कार्डाचं व्याज साधारण महिना साडेतीन टक्के धरा, म्हणजे दर महिन्याला १,४७० रुपये, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. आणि शेजारी एफडीत दीड लाख पडलेत, त्यावर वर्षाला सात टक्क्यांच्या आसपास मिळत असतील. 'एफडीला हात लावायचा नाही' हे आपल्या घराघरांतलं व्रत आहे, माझ्या आईचंही होतं. पण चाळीस टक्क्यांचं देणं फेडायला सात टक्क्यांची ठेव मोडायला कोणत्याही देवाची हरकत नसावी. ४२,००० मोडा, कार्ड पुरतं फेडा, उरलेल्या रकमेची पुन्हा एफडी करा.

दुसरं गृहकर्ज. २०२५ या एका वर्षात रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते तो) ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. बँकांची ऑक्टोबर २०१९ नंतरची तरत्या (फ्लोटिंग) व्याजाची गृहकर्जं बाहेरच्या दराला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, बांधलेली असतात. तिथे दर आपोआप उतरतो, फक्त हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. तुमचं कर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीचं आहे. त्यांना हे बंधन नाही. त्या आपल्या स्वतःच्या दरावर चालतात आणि जुन्या गिऱ्हाइकाचा दर कमी करायला कुणी आठवण केल्याशिवाय फारसं कुणी उठत नाही. नव्या गिऱ्हाइकाला आज काय दर देताय ते विचारा. फरक असेल तर अर्ज करा, थोडं रूपांतर शुल्क घेऊन उतरवून देतात. नाही उतरवला तर कर्ज बँकेत हलवा. स्वतःच्या घरासाठी व्यक्तीने घेतलेल्या तरत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. नव्या बँकेची प्रोसेसिंग फी आणि कागदपत्रांचा खर्च मात्र आधी मांडून बघा. ३० लाखांच्या, २० वर्षांच्या कर्जावर दर साडेनऊवरून साडेआठ झाला, तर हप्त्यात सुमारे १,९०० रुपयांचा फरक पडतो.

आता मित्राचा भाव पाहू. ६८,००० भागिले महिन्याचे २२ दिवस, रोजचे नऊ तास काम आणि दोन तास प्रवास. तुमचा एक तास आज २८० रुपयांना विकला जातो. मित्र एका ड्रॉइंगला ३५० देतो. ड्रॉइंग काढायला दीड तास, पण तो फोनवर 'अरे हे भोक जरा सरकव' म्हणतो ते धरून अडीच तास होतात. म्हणजे ताशी १४० रुपये, कंपनी देते त्याच्या निम्मे, तेही रात्री साडेनऊनंतर डोळे ताणून. गृहकर्जाचे १,९०० वाचवायला तुम्हाला शाखेत दोन-तीन चकरा मारायच्या आहेत. तेवढेच पैसे या भावाने मिळवायला दर महिन्याला साडेतेरा तास जागावं लागेल.

काम चांगलं आहे, भाव चुकीचा आहे. तुम्ही ड्रॉइंग काढणारे नाही. ड्रॉइंग काढणारा भोसरीत तुमच्यापेक्षा स्वस्तात मिळेल, आणि मिळू द्या. तुमच्याकडे जे आहे ते वेगळं: जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा भाग, कुठे धरायचा, क्लॅम्प कुठे आला की पार्ट वाकतो, ऑपरेटरला एका हाताने लोड करता येईल का, चिप कुठे अडकेल. त्याच्याकडे व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) सेटिंगला वेळ जातोय का, रिजेक्शन कुठे येतंय, ते एकदा शॉपमध्ये उभं राहून बघा. मग त्याला ड्रॉइंगचा दर सांगू नका, अख्ख्या फिक्श्चरचा सांगा. हिशोब मनात ताशी ४०० ने करा. २८० च्या वर का, तर या कामात पीएफ नाही, रजा नाही, आजारी पडलात तर पैसे नाहीत. एक रिव्हिजन त्या रकमेत, पुढची वेगळी. निम्मे आधी, निम्मे फायनल फाइल देताना.

मित्राकडून आगाऊ कसे मागू, असं वाटतंय ना? मलाही साड्यांच्या वेळी वाटलं होतं. 'उद्यम' या सरकारी पोर्टलवर लघुउद्योगाची नोंदणी मोफत होते आणि लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांपलीकडे अडवता येत नाहीत असा कायदाही आहे. पण दोस्ताला नोटीस कोण पाठवतं? म्हणून आधीच घ्यायचे. जो मित्र मटेरियलवाल्याला आगाऊ देतो, तो तुम्हालाही देईल.

आणि एक गोष्ट कागदावर हवी. तुमच्या मापात चूक निघाली आणि दहा जॉब भंगारात गेले, तर भरपाई कुणी करायची? नोकरीत ही जोखीम कंपनी घेते, तुम्हाला फार तर बोलणी बसतात. बाहेर ती तुमच्या अंगावर येऊ शकते. कोटेशनवरच साधं लिहा: पहिला जॉब तपासून मंजूर करण्याची जबाबदारी वर्कशॉपची, माझी जबाबदारी माझ्या फीइतकीच. हे लिहिल्याने मैत्री तुटत नाही. न लिहिल्याने तुटलेल्या मी कर्जखात्यांत पाहिल्या आहेत, दोघेही जामीनदार होते एकमेकांचे.

आता तुमचा खरा धडधडणारा प्रश्न, कंपनीला कळेल का.

२०२२ साली या विषयावर मोठा गदारोळ झाला. ऑगस्टमध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी नोकरी सांभाळून दुसरं काम करण्याला सरळ फसवणूक म्हटलं, सप्टेंबरमध्ये प्रतिस्पर्धी कंपन्यांचं काम करताना सापडलेल्या ३०० जणांना काढल्याचं सांगितलं. त्याच ऑगस्टमध्ये स्विगीने मात्र आपल्या लोकांना कामाच्या वेळेबाहेर, अटींवर, बाहेरचं काम करायला परवानगी देणारं धोरण आणलं. इन्फोसिसने आधी ताकीद दिली आणि महिन्याभरात परवानगी घेऊन गिग काम करण्याची वाट ठेवली. तेव्हा सरसकट 'चालतं' किंवा 'चालत नाही' असं उत्तर नाही. तुमचं उत्तर तुमच्या नेमणूकपत्रात आहे. ते काढा, बाहेरच्या कामाचा आणि गोपनीयतेचा परिच्छेद वाचा.

कळण्याच्या वाटा विचाराल तर, दुसरीकडे पगारी नोकरी धरली तर पीएफ एकाच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या क्रमांकावर) दिसतो, तिथे सापडतात. फीवर काम केलं तर तो प्रश्न नाही, आणि तुमचा करविवरणाचा तपशील कंपनीला आपणहून दिसत नाही. पण चाकण-भोसरी पट्टा केवढा आहे? तुमच्या मित्राचा प्रोग्रॅमर उद्या तुमच्या कंपनीच्या व्हेंडरकडे नोकरीला लागेल आणि चहाच्या टपरीवर सांगेल, 'ते साहेब आमच्याकडे पण यायचे.' या पट्ट्यात प्रत्येकजण कुणाच्या तरी व्हेंडरचा व्हेंडर आहे.

आणि म्हणूनच सगळ्यात आधी हे तपासा: मित्राचं वर्कशॉप तुमच्या कंपनीला, तिच्या सप्लायरला किंवा स्पर्धकाला माल देतं का? देत असेल तर हा विषय इथेच संपवा, भाव कितीही चढला तरी. देत नसेल तर एचआरला तीन ओळींचा मेल करा: सुट्टीच्या दिवशी, कंपनीच्या क्षेत्राशी संबंध नसलेल्या एका लघुउद्योगाला डिझाइनबाबत सल्ला द्यायचा आहे, कंपनीचा वेळ, साधनं, माहिती वापरणार नाही, लेखी परवानगी मिळावी. साहेबांना तोंडी विचारून 'कर रे, कोण बघतंय' एवढ्यावर थांबू नका. साहेब बदलतात.

साधनांवरून आठवलं. कंपनीच्या लॅपटॉपवर, कंपनीच्या लायसन्सवर मित्राची एक रेघही ओढायची नाही. आणि क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर घरी टाकायचं नाही. इंटरनेटला जोडलं की त्याची खबर बऱ्याचदा मूळ कंपनीपर्यंत जाते आणि मग नोटीस येते, ती साध्या वर्कशॉपला परवडणारी नसते. मित्राकडे सॉफ्टवेअरचं अधिकृत लायसन्स असेल तर शनिवारी तिथेच जाऊन बसा. नसेल तर फ्रीकॅड हे डिझाइनचं सॉफ्टवेअर मोफत आहे, हात बसायला महिना जाईल.

कंपनीने नाही म्हटलं तर? मग नाही. तुमचा कडबा दुसऱ्या दावणीलाही चालतो. पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंग कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवायला अनुभवी माणसं हवी असतात. मानधन थोडं असतं, पण कंपन्या याला सहसा अडवत नाहीत. विचारून बघा.

बिल बायकोच्या नावाने करू नका. आमच्या काळी विम्याची एजन्सी हमखास बायकोच्या नावावर असायची आणि दारोदार फिरायचा नवरा, सगळ्यांना ठाऊक असायचं. पण काम तुमचं असताना उत्पन्न तिच्या नावावर दाखवणं हे कराच्या दृष्टीने खोटं, कंपनीच्या दृष्टीने लपवाछपवी, आणि उद्या मित्राशी वाद झाला तर तिने न काढलेल्या ड्रॉइंगबद्दल उत्तर तिला द्यावं लागणार.

आणि खरं तर त्याची गरजच नाही. तुमचा कर मी मांडून पाहिला. इंजिनिअरिंग हा ठरावीक व्यवसायांपैकी एक आहे. अशा व्यवसायात वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असेल, तर अंदाजित पद्धतीने जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते, खर्चाच्या पावत्या सांभाळायची कटकट नाही. (जुन्या कायद्यातलं कलम ४४एडीए. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ आलाय, कलमांचे आकडे बदललेत, सीए जुन्याच आकड्याने बोलतील.) आठवड्याला आठ तास, ताशी ४००, महिन्याला १२,८००, वर्षाचे १,५३,६००. त्यातले निम्मे ७६,८०० उत्पन्न. पगारातून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की ८ लाख ६५ हजार. एकूण ९ लाख ४२ हजारांच्या आसपास. नवीन करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नाला सवलतीमुळे कर शून्य पडतो. ज्याची भीती वाटत होती तो कर मुळात नाहीच! फक्त पगारदारांचा 'सहज' फॉर्म चालणार नाही, 'सुगम' भरावा लागेल. मित्राचा पैसा बँकेतूनच घ्या, रोखीत नको. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी २० लाखांपर्यंत लागत नाही, तिथवर पोचलात तर मला पेढे पाठवा.

बेरीज करा. कार्डाचे १,४७०, गृहकर्जाचे १,९००, फिक्श्चरचे १२,८००. सोळा हजारांवर गेलो, आणि आठवड्याचे आठ तास घातले. शनिवारचे सहा, एका संध्याकाळचे दोन. यापुढे नाही.

शनिवारचे हे सहा तास मात्र कुणाचे आहेत? 'मिसेस' एवढ्या एका शब्दात तुम्ही ज्यांना उरकलंत, त्यांचे. तुम्ही भोसरीत बसणार तेव्हा मुलगी त्यांच्याकडे असणार, आणि शनिवार म्हणजे केकच्या ऑर्डरींचा दिवस. आणि तुमच्या घरात पडून असलेला सगळ्यात मोठा कडबा मला त्यांच्याकडे दिसतो. बी.एस्सी. बी.एड. झालेली बाई, मोशीसारख्या ठिकाणी, जिथे इमारतीगणिक आठवी ते दहावीची मुलं आहेत. शाळेत नोकरीला असलेल्या शिक्षकाला शिक्षण हक्क कायद्याने खासगी शिकवणी घ्यायला मनाई आहे, त्यांना नाही. सहा मुलांची एक तुकडी, आठवड्याला चार संध्याकाळ, हे तुमच्या रात्रीच्या ड्रॉइंगांपेक्षा जास्त देऊ शकतं. त्यांना केकच करायचे असतील तर केक. मग एका केकचा हिशोब मांडा: लोणी, साखर, अंडी, गॅस, वीज, डबा आणि त्यांचे तास. बहुतेक घरगुती केकवाल्या शेवटची बाब शून्य धरतात. एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणीही लागते, घरून विकलं तरी.

पण हे मी ठरवायचं नाही आणि तुम्हीही नाही. त्यांना विचारा, आणि हे पत्र दाखवून विचारा. त्यांना हवं असेल, तर शनिवार एकाआड एक वाटून घ्या. एक तुमचा भोसरीचा, एक त्यांचा, आणि त्या दिवशी मुलीची वेणी घालणं, नाश्ता, गृहपाठ तुमच्याकडे. तुमचे १२,८०० चे आठ हजार होतील, घराचे वाढतील.

वडिलांना विचारल्याशिवाय त्यांचे सहा हजार कमी करू नका. दुधाचे पैसे दहा-दहा दिवसांनी येतात, औषधाची गरज रोज असते.

फायनान्स कंपनीत जाताना मूळ मंजुरीपत्र सोबत न्या. त्यात 'स्प्रेड' असा शब्द शोधा, त्यापुढे एक आकडा असेल. तो आणि तुमचा आजचा दर, दोन्ही मला कळवा. अर्ज कसा लिहायचा ते मी सांगते.